सद्दी संपली, भर ओसरला की उताराला लागला? वय झालेल्या फुटबॉलपटूला मराठीत काय म्हणावं

महात्मानगरचा फळेवाला

आम्ही मैदानाच्या कडेला एक फळा ठेवलाय. संध्याकाळी खेळायला आलेल्या पोरांपैकी कुणीतरी त्यावर फुटबॉलची एक बातमी मराठीत लिहायची, एवढाच नियम. परवा एकाने लिहिलं, ‘रोनाल्डोची सद्दी संपली’. दुसऱ्याने ‘सद्दी’ची ‘रद्दी’ केली, ते सोडा. तिसऱ्याने खाली जोडलं, ‘रोनाल्डोचे पाय भारी झाले’. पोरांना न्यायला आलेल्या दोघी-तिघी ते वाचून पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. आठवीतल्या त्या पोराला अजून कळलेलं नाही की रोनाल्डोला दिवस गेल्याची बातमी त्याने फोडली.

तर प्रश्न असा. ज्याचा सगळ्यात चांगला काळ मागे पडला, पण जो अजून मैदानात आहे आणि अधूनमधून गोलही मारतो, त्याच्यासाठी नेमका शब्द कोणता? सद्दी संपणे, उतरती कळा लागणे, भर ओसरणे, बहर ओसरणे, उताराला लागणे. हे सगळं एकच का?

सातपूर फर्स्ट शिफ्ट

‘संपला’ लिही ना भो. तीन अक्षरं. खडूपण वाचतो.

पंचवटीचे मास्तर

एकच नाही. सद्दीपासून सुरुवात करू, कारण वर्तमानपत्रांत याच शब्दाची सगळ्यात जास्त ओढाताण होते.

सद्दी ही एकट्याची नसते. ती कुणावर तरी असते. गल्लीतल्या दादाची सद्दी, सावकाराची सद्दी, एखाद्या पक्षाची सद्दी. बाकीच्यांना मान वर काढू न देणं हा तिचा गाभा. म्हणून सद्दी संपते तेव्हा संपवणारा कुणीतरी दाखवता आला पाहिजे. माणूस म्हातारा झाला एवढ्याने सद्दी संपत नाही, आणि सद्दी संपली म्हणून माणूस म्हातारा ठरत नाही.

फुटबॉलमधलंच उदाहरण घ्या. २००८ ते २०१७ अशी सलग दहा वर्षं बॅलन डी’ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला मिळणारा सोन्याचा चेंडू, मेस्सी आणि रोनाल्डो या दोघांतच फिरला, प्रत्येकी पाच. याला म्हणतात सद्दी. २०१८ला लुका मॉड्रिचने तो नेला. त्या दिवशी ‘दोघांची सद्दी संपली’ हे वाक्य शंभर टक्के बरोबर होतं. आता गंमत बघा, सद्दी मोडणारा मॉड्रिच कुणी कोवळा पोर नव्हता. तेव्हा तो ३३ वर्षांचा होता, रोनाल्डोपेक्षा फक्त सात महिन्यांनी लहान. आणि सद्दी संपलेल्या मेस्सीने त्यानंतर २०१९, २०२१ आणि २०२३ असा तीनदा तोच चेंडू घरी नेला. सद्दी गेली, खेळ राहिला.

कॉलेज रोड नं. ७

मास्तर, मग २०२२च्या विश्वचषकाचं काय? स्वित्झर्लंडविरुद्ध रोनाल्डोला बाकावर बसवलं, त्याच्या जागी आलेल्या २१ वर्षांच्या गोन्सालो रामोसने तीन गोल ठोकले, पोर्तुगाल ६-१ने जिंकलं. संपवणारा दाखवा म्हणालात ना? हा घ्या.

पंचवटीचे मास्तर

त्या रात्री मीही तेच म्हणालो असतो. पण जून २०२५मध्ये युरोपातल्या देशांच्या नेशन्स लीगच्या अंतिम सामन्यात स्पेनविरुद्ध पोर्तुगाल १-२ मागे असताना बरोबरीचा गोल कुणी मारला? रोनाल्डोने, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. पुढे पेनल्टींवर पोर्तुगाल जिंकलं. पोर्तुगालच्या संघावर त्याची सद्दी संपली की नाही, हा वाद मी घालत नाही. शब्द मात्र तपासून वापरा. एका रात्री बाकावर बसणं ही घटना आहे, सद्दी संपणं हा निकाल आहे.

देवळालीची लेफ्ट बॅक

शब्दांचं मास्तरांवर सोपवते, पण मैदानात नेमकं काय जातं ते आधी बघा, म्हणजे शब्द आपोआप सापडेल.

वयाने पहिलं काय जातं? स्फोटक वेग. उभ्याचं पळतं होण्याची पहिली पाच-सात पावलं. झटक्यात ताकद लावणारे स्नायूतंतू वयाबरोबर कमी होतात, आणि एका सामन्यानंतर अंग पूर्ववत व्हायला जास्त दिवस लागतात. म्हणून म्हातारा खेळाडू बुधवारी बरा वाटतो आणि रविवारी गळपटतो. काय जात नाही? नजर, पहिला स्पर्श, बॉल कुठे पडणार याचा अंदाज. रोनाल्डो सुरुवातीला कडेने पळून दोघा-तिघांना चकवायचा, पुढे गोलच्या तोंडाशी येऊन बसला. मेस्सी तर मैदानात चालत फिरतो आणि चालता चालता सगळ्यांच्या जागा हेरून ठेवतो. कतारमध्ये, २०२२च्या विश्वचषकात, ३५व्या वर्षी त्याने सात गोल केले, बाद फेरीच्या प्रत्येक सामन्यात एकतरी. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडूही तोच.

आमच्या टर्फवर एक चाळिशीच्या ताई खेळतात. त्यांना मार्क करायचं काम माझ्याकडे. पळण्यात मी दर वेळी पुढे आणि बॉल दर वेळी त्यांच्याकडे. मी मान वळवून बॉल बघते तेवढ्यात त्या दोन पावलं मागे सरकून लांबच्या खांबापाशी उभ्या. दोनच पावलं, तीही चालत. आता सांगा, या ताईंचं काय ‘संपलं’?

सातपूर फर्स्ट शिफ्ट

ताईंचं काही नाही संपलं. तुझं मार्किंग संपलं 😄

कॉलेज रोड नं. ७

ताईंसाठी शब्द आहे की. ‘मुरलेल्या’.

पंचवटीचे मास्तर

मुरलेला जपून वापरा. ‘मुरलेला राजकारणी’मुळे त्या शब्दाला बेरकीपणाचा वास लागलाय. पेनल्टी मिळवायला पाय अडकवून पडणारा असेल तर खुशाल म्हणा. ताईंना ‘कसलेल्या’ म्हणा. कसाला लावून पाहिलेलं सोनं ते कसलेलं. तालमीतही कसलेला मल्लच म्हणतात.

उतरती कळा राहिली. कळा ही चंद्राची. कळा उतरत गेल्या की अवस येते, म्हणजे त्या शब्दात ‘आता रोज थोडं कमी होणार’ हे आलंच. शिवाय कळा म्हणजे तेज आणि रूपही, अवकळा शब्दात तेच आहे. म्हणून हा वाक्प्रचार घराणी, संस्थानं, गिरण्या, एकपडदा थिएटरं यांना शोभतो. फुटबॉलमध्ये क्लबला लावा. प्रशिक्षक सर ॲलेक्स फर्ग्युसन २०१३ला इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकून निवृत्त झाले, त्यानंतर मँचेस्टर युनायटेडला ती लीग काही पुन्हा जिंकता आलेली नाही. त्याला उतरती कळा म्हणा, मी हरकत घेणार नाही.

महात्मानगरचा फळेवाला

आणि ‘उताराला लागला’? मला हा बरा वाटत होता.

कसमादेचा डाळिंबवाला

आमच्याकडे फळ्यावर लिहू नका, घोटाळा होईल. आमच्याकडे उतारा म्हणजे एकरी किती निघालं ते. ‘यंदा कांद्याला उतारा चांगला’ म्हटलं की माणूस खूष. ‘मेस्सी उताऱ्याला लागला’ वाचून आमचे म्हातारबा म्हणतील, कितीने गेला क्विंटल?

पण ‘बहर ओसरला’वर मला बोलायचंय, कारण शहरातली मंडळी तो शब्द फुलाबिलांच्या अर्थाने, एकदाच येऊन गेल्यासारखा वापरतात. डाळिंबाचं तसं नसतं. आंबे बहर, मृग बहर, हस्त बहर असे तीन. कोणता धरायचा हे शेतकरी ठरवतो. त्यासाठी बागेचं पाणी तोडतो, त्याला ताण देणं म्हणतात. पानं पिवळी पडतात, गळतात. रस्त्याने जाणाऱ्याला वाटतं, बाग गेली. मग हलकी छाटणी, खत, पाणी, आणि झाड लाल कळीने भरून येतं. बहर ओसरला म्हणजे झाड संपलं, असं आमच्यात कुणी म्हणत नाही. झाड म्हातारं होतं ती गोष्ट वेगळी. तेव्हा बहर धरला तरी माल बारीक निघतो, आणि मग काढायची वेळ येते.

सुनील छेत्री बघा. ६ जून २०२४ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध भारताकडून शेवटचा सामना म्हणून खेळला. ०-० झाला, सगळे रडले. क्लबकडून मात्र खेळत राहिला आणि त्या मोसमात आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, १४ गोल केले, भारतीयांमध्ये सगळ्यात जास्त. मार्च २०२५मध्ये त्याला देशाच्या संघात परत बोलावलं आणि शिलाँगला मालदीवविरुद्ध गोल मारला, वय ४०. ताण दिला, बहर धरला. याला ‘सद्दी’ आणि ‘कळा’ लावून काय करणार?

कॉलेज रोड नं. ७

काका, दाखला झकास आहे, पण पुढचंही सांगा. ऑक्टोबर २०२५मध्ये मडगावला सिंगापूरने आपल्याला आपल्याच मैदानावर २-१ हरवलं आणि २०२७च्या आशिया चषकाचं दार बंद झालं. एका झाडाला बहर आला म्हणून बाग पिकली असं नाही ना होत. माझं दुखणं वेगळंच आहे. चाळिशीच्या माणसाला परत बोलवावं लागतं यात त्याचं कौतुक किती आणि मागून येणाऱ्यांची पंचाईत किती? ‘छेत्री म्हातारा झाला का’ हा प्रश्न आपण वर्षानुवर्षं घोळवला, कारण ‘त्याच्यानंतर कोण’ हा प्रश्न विचारायला जड जातो.

कसमादेचा डाळिंबवाला

ते खरं आहे. नवीन लागवड कुणी केलीच नाही.

देवळालीची लेफ्ट बॅक

+१. आणि मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न तिशीलाच सुरू होतो, तोही नातेवाइकांकडून.

पंचवटीचे मास्तर

डाळिंबवाल्या भाऊंनी माझं काम सोपं केलं. बहर फारसीतून आला, तिकडे ‘बहार’ म्हणजे वसंत. भर आपल्या ‘भरणे’चा. उगम वेगळे, पण ओसरणं दोघांनाही चालतं. पावसाचा भर ओसरतो, रागाचा ओसरतो. गोदेचा पूर ओसरतो तेव्हा आपण रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी उरलं ते बघायला जातो, पण नदी आटली असं कुणी म्हणत नाही. ‘आज तो भरात होता’ हे तर आपण खेळाडूबद्दल रोज म्हणतो. तेव्हा फळ्यासाठी माझं मत ‘भर ओसरला’ला. तो खेळाविषयी बोलतो, माणूस मोडीत काढत नाही. कायमचं, वयाचंच सांगायचं असेल तर सरळ ‘वय झालं’ म्हणा. मराठीत त्यात अपमान नाही, बोलणाऱ्याचा सूर नीट असला म्हणजे झालं.

एक जोडतो. ‘उमेदीचा काळ’ हा शब्द इथे कुणी सुचवला नाही, बरं झालं. उमेद म्हणजे आशा. उमेदीची वर्षं ही विशी-बाविशीतली, जेव्हा अजून सगळं व्हायचं असतं. सत्ताविशी-अठ्ठाविशीतला खेळाडू ऐन भरात असतो. ‘रोनाल्डोचा उमेदीचा काळ सरला’ असं लिहिलंत, तर तो २०१० सालचा सरलाय.

महात्मानगरचा फळेवाला

ठरलं. ‘रोनाल्डोचा भर ओसरला, पण गोलची जागा अजून पाठ आहे’ असं लिहितो. ‘पाय भारी’ का खोडलं ते त्या पोराला त्याची आई सांगेल, मी नाही सांगत.

सातपूर फर्स्ट शिफ्ट

आणि आमच्यासारख्या गोलकीपरांना काय म्हणायचं, मास्तर? मी ३७चा आहे.

पंचवटीचे मास्तर

गोलकीपर डिनो झॉफने इटलीचा कर्णधार म्हणून १९८२चा विश्वचषक उचलला तेव्हा तो ४० पूर्ण होता. तुम्ही अजून तीन वर्षांनी विचारा.