मदत हवी आहे: बाबांचं क्लॅरिनेट आणि ७१ च्या लढाईचं रेकॉर्ड
नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहितेय, इंदोऱ्यातून. बाबा मागच्या महिन्यात गेले. महार रेजिमेंटच्या बँडमधे क्लॅरिनेट वाजवायचे, पचमढीला मिलिटरी म्युझिक शिकलेले. १९७१ च्या लढाईत मात्र वाद्यं ठेवून स्ट्रेचर उचलले, युद्धात बँडवालेच जखमींना आणतात हे कित्येकांना माहीतच नसतं, आणि बाबाही कधी बोलले नाहीत, फक्त डिसेंबर लागला की रात्री क्लॅरिनेट पुसत बसायचे. आता क्लॅरिनेटची पेटी उघडली तर बटणांखालचे पॅड वाळलेत, सांध्यांच्या कॉर्कचा भुगा होतोय, पण माउथपीसवर त्यांच्या दातांच्या दोन खुणा अजून तशाच आहेत. एक दुकानदार म्हणाला नवीन घ्या, फार लागलं मनाला.

नागपूर-कामठीकडे जुनं क्लॅरिनेट दुरुस्त करणारं कोणी आहे का? माउथपीस बदलायचा नाहीये. आणि ७१ च्या लढाईची त्यांची पदकं, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल, सापडली पण डिस्चार्ज बुकची (नोकरीची नोंद असलेलं सैन्याचं पुस्तक) पानं वाळवीने खाल्लीत. सर्व्हिस रेकॉर्डची नक्कल काढायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज द्यावा की थेट सागरला (मध्य प्रदेश) रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवावा? कोणी काढली असेल तर प्लीज सांगा, बाबा कोणत्या बटालियनसोबत होते ते आईला वाचून दाखवायचंय.