बंदूक होती, हात खंय होते?

"हातात बंदूक असली की बिबट्याची कसली भीती" असं कोणी कोणी म्हणतं, म्हणून आमच्या आजोबांची गोष्ट सांगतो. कोकणातल्या कुडाळकडची, १९७२ चा वन्यजीव कायदा यायच्या आधीची. आता विनापरवाना शिकार केली तर तुरुंग होऊ शकतो, आणि ते बरंच आहे.

नाचणीत डुकरं शिरायची म्हणून आजोबा रात्री बांधावर करवंदीच्या जाळीआड बसले होते. ठासणीची बंदूक, म्हणजे एकच बार. तो चुकला की पुन्हा दारू घाला, गजाने ठासा, वर केप, म्हणजे बार पेटवणारी टोपी, बसवा. तेवढ्यात जनावर काय थांबून राहतंय?

डुक्कर येतं ते खसफस करत. इथे मात्र काहीच आवाज नाही, फक्त रातकिडे एकदम गप्प झाले. मान वळवली तर दहा हातांवर बांधावरच बिबट्या बसलेला, यांच्याकडे पाठ करून. चांदण्यात पुढचा पंजा चाटत होता, बोटं फाकवून, घरच्या मांजरासारखा. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं.

आजोबांच्या तोंडात तंबाखूचं पान. थुंकायची सोय नाही, गिळलं. मग बिबट्याने मागे वळून पाहिलं, सावकाश उठला आणि उतरून गेला.

"बंदूक होती रे, पण हात खंय होते?" असं म्हणायचे. त्या रात्री घरी येऊन ओकले. आजी म्हणे भीतीने, ते शेवटपर्यंत म्हणत राहिले तंबाखूने.