एरी सरोवर: प्लेनर बोर्ड बोटीखाली शिरतो, काय चुकतंय?

टोलेडोकर:
शनिवारी एरी सरोवरात, ओहायोच्या पोर्ट क्लिंटनसमोर होतो. पाणी जेमतेम 14 फूट आणि नितळ. बोटीमागे गांडूळ लावलेले स्पिनर (फिरणारं चकाकतं पातं असलेल्या गऱ्या) ओढले, दिवसभरात एकच वॉलाय मासा. शेजारची बोट प्लेनर बोर्ड (दोरीला अडकवलेली, गरी बोटीपासून बाजूला नेणारी तरंगती फळी) लावून एकामागून एक काढत होती, म्हणून रविवारी मीही दोन आणले. डावीकडे सोडलेला सरळ बोटीखाली शिरला. वळताना उजवीकडचा थबकला आणि गरी तळाच्या शिंपल्यांत अडकली. रीळवर ब्रेडेड लाइन (विणलेली दोरी) आहे. कुठे चुकतोय?

मालवणी_क्लीव्हलँड:
आधी बोर्ड पालथे करून बघा. डावा-उजवा वेगळा असतो, तुमची अदलाबदल झाली असणार. माझे बाबा मालवणात ट्रॉलरवर होते. जाळ्याचं तोंड दोन जड फळ्या उघडं ठेवतात, कारण त्या तिरक्या ओढल्या जातात आणि पाणी त्यांना बाहेर ढकलतं. आपला बोर्ड तेच करतो. उलट्या बाजूला लावला की पाणी त्याला तुमच्याकडेच ढकलणार.

उथळ, नितळ पाण्यात बोट डोक्यावरून गेली की वॉलाय बाजूला सरकतात. बोर्डाचा खरा उपयोग तिथे.

आधी गरी 60-80 फूट मागे सोडा, मग बोर्ड अडकवा, मग त्याला हळूहळू बाहेर जाऊ द्या. एका बाजूला दोन लावणार असाल तर सर्वांत बाहेरचा पहिला. त्याची गरी वरच्या पाण्यात ठेवा आणि आतल्याची खोल, म्हणजे बाहेरचा मासा आतल्या दोरीवरून निघून येतो. स्पिनर असेल तर ताशी एक ते दीड मैल पुरे.

वळण मोठं घ्या. आतल्या बाजूचा बोर्ड मंदावतो, शिसं गरीला खाली नेतं. तुमचं तेच झालं. वळताना इंजिन किंचित वाढवा.

सँडस्की_ताई:
ब्रेडेड लाइन बोर्डाला दोरी धरणाऱ्या चिमट्यातून घसरते. चिमट्यात धरण्याआधी दोन-तीन वेढे द्या. मी तर बोर्डाच्या रॉडवर साधा तंगूसच (एकेरी नायलॉनची दोरी) ठेवते, 10 पौंड ताण सोसणारा.

मासा लागला की बोर्ड झटका देत नाही, मागे रेंगाळतो. रांगेतून एक मागे पडलेला दिसला की रॉड उचला. वर-खाली हिसके देऊ नका, एकसारखं गुंडाळत राहा. बोर्ड हाताशी आला की एकाने तो काढायचा आणि दुसऱ्याने दोरी ताणलेली ठेवायची. आमचे निम्मे मासे याच क्षणी सुटायचे, दोरी सैल पडून.

टोलेडोकर:
ताई, दादा, मनापासून आभार. अंगणात जाऊन पाहिलं, डाव्यावर खरंच उजव्याची खूण आहे. लाटा दीड-दोन फुटांच्या असतील तर?

मालवणी_क्लीव्हलँड:
लाटांच्या दिशेनेच चला. समोरून घेतल्या तर बोर्ड नाक खुपसतो. आणि दोन्ही बोर्डांना लाल रिबीन बांधा, उन्हाच्या चकाकीत तेवढीच दिसते.