डायलिसिसला बसलं की बाबांना हुडहुडी भरते, मदत हवी आहे

मोरपंखी:
बाबा, वय ६४, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. गेल्या पंधरा दिवसांत तीनदा झालं. मशीन सुरू होऊन पाऊण तास झाला की दात वाजतात, ताप १०१. एव्हिल आणि हायड्रोकॉर्ट (अ‍ॅलर्जी दाबायची औषधं) देतात, दोन ब्लँकेटं टाकतात. रात्री घरी माणूस ठणठणीत. टेक्निशियन म्हणतो, "होतं असं काहींना." सेंटर बदलू का? दुसरं ४० किमीवर आहे. परवा पुन्हा नंबर आहे, तेव्हा लवकर सांगा. "काळजी घ्या" वगैरे नको.

चहाबाज:
फिस्टुला (हातातली शीर आणि धमनी जोडून केलेली वाट) की गळ्यातल्या शिरेत नळी? डायलायझर (रक्त गाळायचं नळकांडं) नवा की धुतलेला? आधी हे सांगा.

विहीर:
पाणी, दुसरं काही नाही. एका बैठकीत मिनिटाला अर्धा लिटर, म्हणजे चार तासांत १२० लिटर पाणी पातळ पडद्यापलीकडून रक्ताशेजारून जातं. आरओची टाकी आणि पाइप वेळेवर निर्जंतुक केले नाहीत तर जंतू मेले तरी त्यांचं विष उरतं, त्यानेच थंडी भरते. ब्राझीलच्या कारुआरूमध्ये १९९६ साली पाण्यातल्या शेवाळाच्या विषाने डायलिसिसचे पन्नासेक रुग्ण गेले. पाण्याचा कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) आणि एंडोटॉक्सिनचा, म्हणजे त्या विषाचा, रिपोर्ट मागा.

काटकसर:
धुतलेला डायलायझर असणार. आमच्याकडे एकच सात-आठ वेळा वापरायचे. नावाची चिठ्ठी आणि कितव्यांदा वापरतायत ते स्वतः बघायचं. आतली जागा मूळच्या ८० टक्क्यांखाली गेली की फेकायचा.

मोरपंखी:
गळ्यात नळी आहे, पाच महिने झाले. फिस्टुला केला होता, चालला नाही. हे लिहायला हवं होतं का? तिथे बऱ्याच जणांना असते.

सिस्टर_निवृत्त:
अगं, पहिल्या ओळीत लिहायचं ते! नळीवाल्याला डायलिसिसवर थंडी-ताप आला तर नळीचा जंतुसंसर्ग नाही हे सिद्ध होईपर्यंत तोच धरायचा. नळीच्या आत जंतूंचा थर बसतो, पंप सुरू झाला की ते थेट रक्तात जातात. म्हणून घरी ठणठणीत. परवाची वाट बघू नकोस, आजच नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, गाठ. अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर घ्यायला सांग, नळीतून एक आणि हातातून एक. एव्हिलने थंडी दबते, जंतू तिथेच राहतात.
आणि सांग, नळी उघडताना सिस्टर आणि बाबा दोघांच्या तोंडाला मास्क असतो का? टोपण काढल्यावर नळीचं तोंड स्पिरिट-क्लोरहेक्सिडिनने घासतात की नुसतं पुसल्यासारखं करतात? आंघोळीला ड्रेसिंग भिजतं का?

गुळवेलप्रेमी:
रोज सकाळी गुळवेलीचा काढा. प्रतिकारशक्ती वाढली की जंतू टिकत नाहीत.

चहाबाज:
किडनीच्या माणसाला डॉक्टरांना न विचारता काढा? नका हो.

पाटीवाला:
महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसतं. रेशन कार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेचा माणूस) भेटा.

चहाबाज:
तिने पैशांचं विचारलेलंच नाही.

नाशिककर_के:
मूळ प्रश्न बाजूला, पण बाबांचं हिपॅटायटिस तपासलंय का? आमच्या काकांना सेंटरमध्येच सी लागला. बी आणि सी ची मशीनं वेगळीच हवीत.

सिस्टर_निवृत्त:
बी साठी वेगळं मशीन हवंच, खोलीही वेगळी. बी चा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर आठवडाभर तग धरतो. सी साठी अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचा वेगळ्या मशीनचा आग्रह नाही. सी पसरतो तो एका खुर्चीवरून दुसरीकडे जाताना न बदललेल्या ग्लोव्हजमधून आणि पाच जणांना पुरवलेल्या हेपरिनच्या (रक्त गोठू न देणारं औषध) एकाच बाटलीतून.

नाशिककर_के:
आपल्याकडे बहुतेक ठिकाणी वेगळंच ठेवतात, बाई.

सिस्टर_निवृत्त:
ठेवू देत ना, तोटा नाही. पण मशीन वेगळं आणि बाटली एक, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मोरपंखी, बी ची लस झाली का? डायलिसिसवाल्यांना मोठा डोस लागतो.

मोरपंखी:
लसीचं माहीत नाही. मास्क सिस्टरना असतो, बाबांना नसतो. ड्रेसिंग भिजतं, बाबा ऐकत नाहीत. एक राहिलं, मंगळवारी शेजारच्या खुर्चीवरच्या आजोबांनाही थंडी भरली होती.

विहीर:
बघा! एकाच शिफ्टमध्ये दोघांना. पाणीच.

काटकसर:
किंवा दोघांचे डायलायझर एकाच दिवशी धुतलेले.

सिस्टर_निवृत्त:
तेही तपासा, मी नाही म्हणत नाही. पण पाण्याचा रिपोर्ट यायला दिवस लागतात आणि नळीतले जंतू तोवर हृदयाच्या झडपेवर जाऊन बसू शकतात. आधी कल्चर.

मोरपंखी:
काल रात्रीच नेलं. ड्रेसिंग काढलं तर नळीच्या भोकाशी पू. दोन्हीकडून कल्चर घेतलं, अ‍ॅडमिट केलंय, नळी बहुधा काढतील. शेजारच्या आजोबांच्या सुनेला फोन केला. त्यांनाही गळ्यातच नळी आहे.

विहीर:
बरं झालं नेलंत. तरी पाण्याचा रिपोर्ट मागाच.

पाटीवाला:
अ‍ॅडमिट असाल तर आरोग्यमित्र तिथेच खाली बसतो.