इंटरनेटबंदीचा आदेश मिळवायचा कसा, आणि मिळाल्यावर त्याचं काय करायचं?

सीनाकाठ:
तणावाच्या काळात जिल्ह्यात मोबाइल इंटरनेट बंद झालं. कंपनीचा एक एसएमएस आला, बाकी कुठेच काही नाही. जिल्हाधिकारी कार्यालय म्हणतं ‘वरून आदेश होता’, पोलीस म्हणतात जिल्हाधिकाऱ्यांना विचारा. निवेदनावर आवक शिक्का मिळाला, उत्तर नाही. पुढच्या वेळी तयारीत राहावं म्हणून गट बांधतोय. सुरुवात कुठून करावी? माहिती अधिकार की थेट हायकोर्ट?

कलम_एकोणीस:
आधी आदेशाची प्रत. ती नसेल तर मोर्चा काढा नाहीतर याचिका करा, समोरचा ‘कुठला आदेश?’ म्हणून मोकळा होतो.

नोव्हेंबर २०२४ पासून दूरसंचार सेवा तात्पुरत्या स्थगितीचे नवे नियम लागू आहेत. २०१७ चे जुने नियम त्यांनी बाद केले. राज्यात असा आदेश गृह विभागाच्या सचिवांनी काढायचा असतो. अगदीच अपरिहार्य असेल तर सहसचिव दर्जाचा, आधी अधिकार दिलेला अधिकारी काढू शकतो, पण २४ तासांत वरून मान्यता आली नाही तर तो आदेश संपला. कारणं, नेमका भूभाग आणि मुदत लिहिलेली हवी; मुदत १५ दिवसांपेक्षा जास्त नको. आदेश प्रसिद्ध करणं बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीवरच्या अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० लाच ते सांगितलं होतं, आता नियमातही आलं.

म्हणून हातात पडलेल्या कागदावर पहिल्यांदा सही बघा. जिल्हाधिकाऱ्यांची असेल आणि वर फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं (जमावबंदीचं) १४४ किंवा नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं १६३ कलम असेल, तर तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा तिथेच आहे, कारण नियमांप्रमाणे हा अधिकार गृह सचिवांचा. सरकारी वकील गुजरात हायकोर्टाचा २०१५ चा निकाल काढतील, त्यात १४४ खालची बंदी टिकली होती. तो निकाल २०१७ च्या नियमांच्या आधीचा आहे, हे लगेच दाखवून द्या.

अर्ज_अपील:
माहिती अधिकाराचा अर्ज जिल्ह्यात करू नका, थेट ‘जन माहिती अधिकारी, गृह विभाग, मंत्रालय, मुंबई’ यांना करा. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून जातो. कागदावर करायचा तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून रजिस्टर पोस्टाने. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. लोक इथेच अडकतात: दोन पानं संताप, शेवटी एक प्रश्न.

‘इंटरनेट का बंद केलं?’ असं विचारलं की ‘मत मागितले आहे’ म्हणून अर्ज निकाली. कागद मागा. अमुक ते अमुक तारखेदरम्यान अमुक जिल्ह्यासाठी काढलेल्या स्थगिती आदेशाची प्रत. तो कुठे, कधी प्रसिद्ध केला त्याची नोंद. आढावा समितीच्या बैठकीचं इतिवृत्त. ही समिती मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली असते आणि तिने आदेशानंतर पाच दिवसांत बसून निष्कर्ष नोंदवायचा असतो. आदेश एखादवेळेस मिळतो, पण इतिवृत्त मागितलं की खरी धावपळ उडते.

चुकीच्या टेबलावर अर्ज गेला तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) खाली पाच दिवसांत पुढे पाठवणं त्यांचं काम आहे. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा ८(१)(अ) चं, सुरक्षेचं कारण दिलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, फी २० रुपये. अपिलात दोनच गोष्टी लिहा: जो आदेश प्रसिद्ध करणं नियमानेच सक्तीचं आहे तो गोपनीय कसा? आणि काही भाग खरंच संवेदनशील असेल तर कलम १० प्रमाणे तेवढा झाकून बाकीचं द्या.

जोडणी_तपास:
वरचं सगळं बरोबर, पण बंदी दोन दिवसांची आणि उत्तर महिन्याने. त्या दोन दिवसांत पुरावा गोळा झाला नाही तर नंतर काहीच उरत नाही.

एसएमएसचा स्क्रीनशॉट तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याच्या नावासकट घ्या. कुठल्या कंपनीचा डेटा कुठल्या गावात, किती वाजता गेला आणि कधी आला, याची वही ठेवा. घरचं ब्रॉडबँड चालू होतं का तेही लिहा. आयओडीए किंवा क्लाउडफ्लेअर रडार या इंटरनेट कुठे बंद पडलं ते दाखवणाऱ्या संकेतस्थळांच्या आलेखांवर विसंबू नका, जिल्ह्यापुरती बंदी राज्याच्या आकड्यात बुडून जाते. ऊनी प्रोब हे ॲप ठरावीक वेबसाइट अडवल्यात का ते तपासायला उत्तम. डेटाच नसेल तर त्याचा उपयोग नाही. शिवाय त्याची मोजमापं नेटवर्कच्या नावासकट जाहीर होतात, हे सभासदांना आधी सांगा.

मूळ फाइल व्हॉट्सॲपवरून फिरवू नका, फोटो दाबला जातो आणि हॅश (फाइलचा डिजिटल ठसा) बदलतो. कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, त्यात हॅश लिहावा लागतो.

आणि नुकसान ‘गैरसोय’ म्हणून लिहू नका. रेशन दुकानाचं ई-पॉस मशीन अंगठा घेत नव्हतं, किती कार्डधारक परत गेले, हे दुकानदाराच्या सहीने घ्या. बंदी प्रमाणाबाहेर होती हे अशाच कागदाने ठरतं.

सीनाकाठ:
म्हणजे बंदी चालू असतानाच कोर्टात जायचं का? उठल्यावर अर्थ राहतो?

कलम_एकोणीस:
चालू असताना गेलात तर उत्तम. डिसेंबर २०१९ मध्ये गुवाहाटी हायकोर्टाने आसामात मोबाइल इंटरनेट सुरू करायला लावलं; मार्च २०२२ मध्ये कलकत्ता हायकोर्टाने परीक्षेच्या काळातल्या बंदीला स्थगिती दिली.

उठल्यावर ‘आता याचिकेत काही उरलं नाही’ हे ठरलेलं उत्तर येतं. म्हणून विनंतीत नुसतं ‘सेवा सुरू करा’ लिहू नका. आदेश आणि आढावा समितीचे निष्कर्ष प्रसिद्ध करा, यापुढचे आदेश त्याच दिवशी संकेतस्थळावर टाका, अशा मागण्या घाला. त्या बंदी उठली तरी शिल्लक राहतात. वकीलपत्र आणि याचिकेचा मसुदा आत्ताच तयार करून छापून ठेवा, कारण बंदीच्या दिवशी ईमेल जाणार नाही. सोलापूर, सांगली, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग यांपैकी जिल्हा असेल तर ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच आहे, मुंबई गाठायची गरज नाही.

अर्ज_अपील:
आदेशाची प्रत मिळाली की एसएफएलसी या डिजिटल हक्कांवर काम करणाऱ्या संस्थेच्या इंटरनेटबंदी नोंदवहीला आणि इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनला पाठवा. संसदेच्या स्थायी समितीने डिसेंबर २०२१ च्या अहवालात म्हटलंय की अशा बंदींची नोंद केंद्राकडे ठेवलीच जात नाही. पाठवण्याआधी अर्जदाराचा पत्ता आणि फोन नंबर काळा करायला विसरू नका.