मुलांच्या अंगावरची शाई, मार्कर आणि इतर चित्रकला: तुमचे अनुभव लिहा

काल पल्स पोलिओचा रविवार होता. आमच्या गेटाशीच बूथ. वरच्या मजल्यावरची चिमणी डाव्या करंगळीवरची काळी खूण वॉचमनपासून सगळ्यांना दाखवत फिरत होती. तिची आई लिफ्टमध्ये हळूच मला म्हणाली, "काकू, हे कशाने जातं हो? परवा हिच्या आत्याचा साखरपुडा आहे." मी तिला म्हटलं, करंगळीवरचा ठिपकाच आहे ना, नशीबवान आहेस. मग घरी येऊन एकटीच हसत बसले.

आमचा किस्सा असा. लेक साडेतीन वर्षांची, धाकटा रांगता. त्याचं बोरन्हाण. साबांनी (सासूबाईंनी) हलव्याचे दागिने स्वतः ओवलेले, काळं झबलं इस्त्री करून ठेवलेलं, पाहुणे पाचला येणार. दुपारी आतल्या खोलीत एकदम सामसूम. दोन पोरांच्या घरात सामसूम म्हणजे काय, ते इथे कुणाला सांगायला नको. जाऊन बघते तर बाळ पालथं पडून खिदळतंय आणि ताईसाहेबांनी बाबाच्या बॅगेतला हिरवा परमनंट मार्कर काढून त्याचं मांजर केलेलं. गालावर मिशा, नाकाचा शेंडा रंगवलेला, कपाळावर पट्टे. पाठीवर लांबच्या लांब दोन रेघा. "हा रस्ता आहे, याच्यावरून माझी गाडी जाणार."

साबण लावला, मिशा तशाच. साबा बेसन-दूध कालवायला धावल्या. नवरोबा गॅलरीत टर्पेंटाइन शोधायला लागले, त्यांना तिथूनच परत पाठवलं. शेवटी आजेसासूबाईंनी खोबरेल तेलाची बाटली पुढे केली. मार्कर हा शब्दही त्यांनी कधी ऐकला नसेल. म्हणाल्या, "तेल लाव, थोडं मुरू दे आणि कापसाने टीप. घासू नको, बाळाचं कातडं आहे, परात नव्हे." कापसाचा पहिला बोळा हिरवागार निघाला, दुसरा पोपटी, मग फिकट होत गेले. मग गरम पाणी आणि त्याचाच साबण. पाठ जवळजवळ साफ झाली. गळ्याच्या वळ्यांत मात्र हिरवं अडकून बसलं होतं, ते पुढे रोजच्या मालिशीत गेलं. फोटोत मिशा नीट बघितलं तर दिसतात. लेक आता कॉलेजला आहे आणि तो फोटो तिने फोनवर लावलाय.

तर लिहा आपापले. काय लागलं होतं, कशाने गेलं, कशाने अजिबात नाही.

चिंचगूळ
हहपुवा (हसून हसून पुरेवाट)!! रस्त्यावरून गाडी गेली का शेवटी?

सईची_आई
गेली ना. तेलामुळे घसरत होती.

रंगारी
तेलाला अनुमोदन. मी रंगाच्याच धंद्यात आहे म्हणून थोडं कारण सांगतो. परमनंट मार्करमध्ये रंग आणि एक चिकट राळ अल्कोहोलसारख्या द्रावकात विरघळवलेली असते. द्रावक उडून जातो, रंग राळेसकट चिकटून बसतो. पाण्याला तो दाद देत नाही. तेल ती पकड सैल करतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो. लावलं की लगेच पुसायची घाई केली तर नुसता रंग पसरतो. स्केचपेनची शाई पाण्यातली, ती अंघोळीत जाते, त्यासाठी एवढा खटाटोप नको. बॉलपेनची शाई मुळात घट्ट आणि तेलकट, तिलाही तेल आणि मग साबण. फळ्यावरचा मार्कर पुसला जावा म्हणूनच बनवलेला असतो, त्याचं फार टेन्शन घेऊ नका. तेव्हा आधी हातातलं पेन कुठलं ते बघा, मग पळापळ करा.

ठाण्याची_ठमी
आमच्याकडे सॅनिटायझर. कोविडपासून घरात बाटल्या पडून आहेत. लेकाने दोन्ही हात कोपरापर्यंत "टॅटू" काढले होते, चुटकीसरशी साफ. एवढं तेलकट करत कोण बसणार, रविवारी कामवाली पण नसते.

पाटलांची_सून
आमच्याकडे सासरे ट्रॅक्टरला रंग देतात, ते आपले हात रॉकेलने पुसतात. पुतण्याच्या पायाला तोच बोळा लावायला निघाले होते. जावेने पोरगा उचलला आणि थेट माडीवर!

वॉर्ड_नं_६
पाटलांची सून, जावेला माझ्याकडून शाबासकी द्या. मी मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, म्हणून जरा मास्तरकी करते, राग मानू नका.

रॉकेल, थिनर, टर्पेंटाइन, नेलपॉलिश रिमूव्हर हे बाळाच्या अंगाला अजिबात नाही. कातडी पोळते, वास छातीत जातो. त्यातून मूल तो बोळा तोंडात घालणार. रॉकेल पोटात जाताना श्वासनळीत उतरतं, तो त्रास आम्ही बघतो. अशा वेळी उलटी करवायची नसते, सरळ दवाखाना गाठायचा.

ठमी, सॅनिटायझरने डाग निघतो, कारण त्यात अल्कोहोलच आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या हातावर एखादा ठिपका असेल तर कापसाला थोडं लावून पुसा आणि लगेच साबणाने धुवा, ठीक आहे. पण तान्ह्या मुलाच्या पाठभर नको. त्यांची कातडी पातळ, वजनाच्या मानाने अंग मोठं, त्यामुळे अंगात जास्त शोषलं जातं. तोंडाजवळ, डोळ्यांजवळ, खरचटलेल्या जागी तर नाहीच.

लिंबू-साखर कुणी सुचवायच्या आत सांगते. साखरेने ओरखडे येतात आणि लिंबाचा रस राहिलेल्या जागी ऊन लागलं तर कातडी भाजल्यासारखी होते, मागे काळे डाग राहतात ते वेगळेच. टूथपेस्टही नको, झोंबते.

आणि काहीच केलं नाही तरी चालतं हो. वरचा थर झडतच असतो, थोड्या दिवसांत आपोआप जातं. पोलिओच्या खुणेला तर हात लावू नका, ती बघूनच कार्यकर्ते घरोघरी कोण राहिलं ते ठरवतात.

ठाण्याची_ठमी
बरं बाई, तेल. 🙏

काकडआरती
आमच्या लहानपणी मार्कर कुठले! शाईच्या पुड्या आणि वड्या मिळायच्या, पाण्यात कालवून दौतीत भरायच्या. कॅमलिनची सुरुवात 1931 साली मुंबईत अशाच शाईने झाली, घोडा छाप. बोटं कायम निळी. त्यात बोरू गळका असला की पायजम्यालाही टिळा. आई विहिरीवर चिंच आणि राखेने बोटं घासून द्यायची. नातवंडांवर हे प्रयोग करू नका, वरच्या नर्सबाई ओरडतील. शाळेत ज्याची बोटं निळी तो अभ्यासू, असं मास्तर समजायचे, म्हणून आम्ही सुट्टीनंतर मुद्दाम बुडवून घ्यायचो.

दुसरीची_बाई
काका, मास्तरांनाही कळत होतं ते 😄

मी शिक्षिका, त्यामुळे निवडणुकीची ड्युटी आलीच. दर वेळी लोक मुलांना कडेवर घेऊन येतात आणि "बाळालाही लावा ना शाई" म्हणतात. लावत नाही. त्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. ते कातडीशी धरतं आणि उजेडात काळं पडत जातं. वर लेप बसल्यासारखं नसतंच ते, म्हणून तेल, साबण, सॅनिटायझर काही चालत नाही. कातडी झडेल आणि नख वाढेल तेव्हाच जातं. ही शाई म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्यात बनते. कारखाना 1937 सालचा, राजेसाहेबांच्या काळातला, आणि मतदानाला ही शाई वापरतात ती 1962 पासून. गेल्या वेळी बाटली उघडताना माझ्याच तीन बोटांना लागली. घरी लेक म्हणतो, "आई, तू तीनदा मत दिलंस?"

चिंचगूळ
बाई, तुमच्या लेकाला आयोगात घ्या.

मावळची_मृणाल
हे थोडं वेगळं आहे. माझ्या बाळाच्या कमरेखाली जन्मापासून निळसर डाग. मालिशवाल्या मावशींना वाटलं दवाखान्यात पायाचे ठसे घेतात त्याची शाई लागलीय. रोज तिथे डाळीचं पीठ लावून रगडा. पोर किंचाळायचं. मी म्हटलं, मावशी, शाई असती तर हाताला लागली नसती का? डॉक्टर म्हणाले तो जन्मखुणेचाच प्रकार, आपल्याकडच्या बाळांत भरपूर दिसतो, रंग कातडीच्या आतल्या थरात असतो. शाळेत जाईपर्यंत बहुतेकांचा फिका पडतो. आमचाही पडला. मावशी अजून म्हणतात माझ्या पिठाने गेला.

वॉर्ड_नं_६
मृणाल, +१. हे दर महिन्याला कुणाला ना कुणाला सांगावं लागतं. उलटंही होतं. एक आजोबा नातीचे ओठ निळे पडले म्हणून धापा टाकत कॅज्युअल्टीत आले, सगळे धावलो, आणि ओठ पुसले तर जेलपेन! बाई निवांत पेन चघळत होत्या. चाटली तेवढ्या शाईने सहसा काही होत नाही, चूळ भरायला लावा, पाणी पाजा. टोपण घशात जाणं हे खरं संकट.

हुंडीवाला
अवांतर: सईची आई, हलव्याचे दागिने घरी ओवायचे तर काटेरी हलवा कुठून घेता? दादरला चौकशी केली, भाव ऐकून परत आलो.

सईची_आई
हलवा साबा स्वतः करायच्या, शेगडीवर परात ठेवून, बोटांनी पाक फिरवत. मला जमत नाही, मी विकतचाच ओवते. सुई गरम करून घ्या, दाणा फुटत नाही.

काकडआरती
तीळ घालून करा, खसखशीचा बारीक होतो.

जर्सीकर
आमच्या इथे डेकेअरमध्ये फोटोचा दिवस होता आणि आदल्या रात्री चिरंजीवांनी शार्पी मार्करने स्वतःला चष्मा काढला. गोल, काळा, दोन्ही डोळ्यांभोवती. डोळ्यांजवळ काय लावणार! इयरबडला तेलाचा थेंब घेऊन बायको तासभर बसली, मी टॉर्च धरून. सकाळी अर्धा चष्मा उरला. टीचर म्हणाली, "ओह, ही लुक्स लाइक अ प्रोफेसर." वाढदिवसाला मिळतात ते चिकटवायचे टॅटूही तेलानेच सुटतात, नखाने खरवडू नका.

सातारी_तडका
आमच्याकडं मार्कर नाय, बिब्बा! आज्जीनं पोराला दृष्ट लागू नये म्हणून बिब्ब्याचा ठिपका दिला कपाळाला. दुसऱ्या दिवशी उतला की हो, कपाळ टम्म. शाई परवडली. धोबी कापडावर खुणा करायचे त्यानं, धुऊन जायची नाही, ते बाळाच्या अंगाला कशाला लावायचं? आज्जी म्हणते आमच्या वेळी काय होत नव्हतं. आज्जीच्या कपाळावर अजून व्रण आहे.

मावळची_मृणाल
तडका 😂😂 तीट लावा काजळाची, अंघोळीत जाते.

वॉर्ड_नं_६
बिब्ब्यावरून आठवलं. जत्रेत झटपट काळीकुट्ट मेंदी काढून देतात ती मुलांच्या हातावर नको. साध्या मेंदीचा रंग तांबूस-तपकिरी येतो. ती काळी म्हणजे बहुधा केसांच्या कलपातलं रसायन मिसळलेलं. हातावर नक्षीबरहुकूम फोड आलेले बघितलेत. आणि एकदा त्याची ॲलर्जी आली की मोठेपणी केसांना कलप लावतानाही त्रास होतो. तिथे तेल-बेसन करत बसू नका, धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. चला, ड्युटी.

ठाण्याची_ठमी
धागा छान चाललाय म्हणून विचारते, सोफ्यावरच्या मार्करचं काय? तोच टॅटूवाला कलाकार. फिका राखाडी सोफा, हप्ते अजून चालू आहेत. तेल लावू?

रंगारी
नको!!! मार्करही राहील आणि वर तेलाचा डाग. तुमचं ते सॅनिटायझर आणा आता. आधी मागच्या बाजूला कोपऱ्यात लावून बघा, सोफ्याचाच रंग निघत नाही ना. मग पांढऱ्या फडक्याने बाहेरून आत टिपत या.