चौकोनी खोबणीतला नेमॅटिक: जाळी बारीक केली की ऊर्जा वाढतच जाते

रंकाळाकाठ (कोल्हापूर):
एम.एस्सी. प्रकल्प. नेमॅटिक म्हणजे रेणू साधारण एकाच दिशेत राहणारा द्रव स्फटिक. १ मायक्रॉनचा चौकोन, रेणू भिंतींना समांतर. रेणूंच्या दिशेचा कोन θ, त्यासाठी लाप्लास समीकरण संगणकावर जाळीच्या बिंदूंवर सोडवतो. जाळी निम्मी केली की ऊर्जा दर वेळी जवळपास २.१८ K ने वाढते (K म्हणजे लवचिकतेचा स्थिरांक). कोडमध्ये चूक आहे का?

पंचगंगा_४:
कोड बरोबर आहे, मॉडेल तोकडं पडतंय. प्रत्येक कोपऱ्यात θ ९० अंशांनी उडी घेतो, म्हणून तिथली ऊर्जा (π/4)K ln(R/h); h म्हणजे जाळीतलं अंतर, R चौकोनाच्या आकाराएवढं. जाळी निम्मी केली की कोपऱ्यामागे ०.५४ K वाढणार, चार कोपऱ्यांचे २.१८. कोपऱ्याच्या अगदी आतल्या गाभ्यात रेणूंची सुव्यवस्था वितळते, हे θ ला सांगताच येत नाही. लांडाऊ-द जेन मॉडेल घ्या, त्यात दिशा आणि सुव्यवस्था दोन्ही Q मध्ये येतात: Q₁₁ आणि Q₁₂, दोनच चलं. गाभा साधारण १० नॅनोमीटरचा, म्हणजे जाळी ३ नॅनोमीटरच्या आसपास हवी, ३००×३०० बिंदू. साधी ऑयलर पद्धत असेल तर वेळेचं पाऊल Δt हे h²/(4ΓL) पेक्षा कमीच (Γ शिथिलनाचा दर, L या मॉडेलमधला लवचिकतेचा स्थिरांक), नाहीतर दोन-चार पावलांत सगळं फुटतं. कोपऱ्यात Q शून्य धरून काही गाभ्यांच्या रुंदीत भिंतीच्या किमतीपर्यंत चढवा.

खासबाग:
सुरुवात कुठून करता तेही बघा राव. समोरासमोरच्या भिंतींवर θ सारखाच दिला तर कर्णस्थिती मिळते, म्हणजे रेणू कर्णाच्या दिशेत. खाली ०, वर π दिला तर फिरलेली, म्हणजे खालून वर जाताना दिशा १८० अंश वळते. आणि θ ची सरासरी कधीच काढू नका, θ आणि θ+π एकच दिशा.

पंचगंगा_४:
प्रयोगाशी ताडणार असाल तर तापमान सांभाळा. ५सीबी (प्रयोगात नेहमी वापरतात तो नेमॅटिक) ३५ अंशांच्या आसपास साधा द्रव होतो. एप्रिलच्या दुपारी आपल्याकडे एसीशिवाय नमुना टिकायचा नाही.